एकतीस जुलैवर अडलेले धुळे

सोमवार, ३ ऑगस्ट १९९८, सकाळी १० वाजून ४० मिनिटे. वेळ माझ्या वहीत आहे. त्या मिनिटाला जळगावातल्या माझ्या पडद्यावर आमच्या धुळे डेपोच्या व्यवस्थापकांचा पासवर्ड सरळ वाचता येईल अशा अक्षरांत उमटला. तो तसा उमटायलाच नको होता, कारण शनिवारी संध्याकाळीच मी त्या वाटेला कुलूप घालून घरी गेले होते.

पाइप बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या संगणक विभागात मी एकटी मुलगी, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेली आणि अपुऱ्या उत्तराने समाधान न होणारी. आमच्या सर्व्हरवर एक डिरेक्टरी होती: कर्मचाऱ्यांची नावे, पदे, पासवर्ड आणि कोणाला काय करण्याचा अधिकार, याची एकच यादी. धुळ्यात कोणी संगणकावर बसले की त्याचा पासवर्ड टेलिफोनच्या लाइनवरून या यादीकडे तपासायला येई. तो येई उघडा. डेपोतल्या कोणत्याही संगणकावर एक छोटा प्रोग्रॅम चालवला की शेजाऱ्याचा पासवर्ड वाचता येत होता. हे मी मार्चमध्ये लेखी कळवले होते. विभागप्रमुख हसले. "बाई, आपण पाइप विकतो, रॉकेट नाही. आपली लाइन ऐकत कोण बसलंय?"

जूनमध्ये कोणीतरी ऐकली. डेपोत नोंदी करणाऱ्या अक्कांच्या नावाने आत शिरून कोणीतरी एका गावाच्या ठिबक सिंचनाच्या मालाची मागणी रद्द केली. ऐन लागवडीत ट्रक गेला नाही. अक्का बारा वर्षे शिंदखेड्याहून एस.टी.ने ये-जा करत होत्या. १८ जूनला त्यांना घरी बसवण्यात आले. आरोप एकच: पासवर्ड कोणाला तरी सांगितला असणार. चौकशी ६ ऑगस्टला ठरली, आणि त्यात दोष सिद्ध झाला तर नोकरी जाणार होती. मार्चमधला माझा कागद कोणाच्या खणात पडला होता, याची चौकशी मात्र कोणीच करत नव्हते.

तेव्हा कुठे मला कुलूप बसवण्याची आणि लाइन तपासण्याची लेखी परवानगी मिळाली. सी भाषेत मी लिहिलेला क्रम साधा होता. धुळ्याच्या संगणकाने आधी सर्व्हरकडे त्याचे ओळखीचे प्रमाणपत्र मागायचे. ते खरे आहे आणि आजच्या तारखेला वैध आहे, हे तपासायचे. तसे असेल तरच मधल्या कोणालाही वाचता न येणारी सांकेतिक वाट उघडायची आणि मग त्या वाटेने पासवर्ड पाठवायचा. काही जुळले नाही तर थांबायचे. प्रमाणपत्र मी १ ऑगस्टला तयार केले. जळगावात सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या.

आणि सोमवारी हा उघडा पासवर्ड.

धुळ्याला लाइनवरून गेलेला प्रोग्रॅम मी उघडला. त्यात माझ्या नसलेल्या चार ओळी होत्या: तपासणी फसली तर थांबू नये, जुन्या उघड्या वाटेने जावे.

"हे कोणी घातलं?"

"मी," विभागप्रमुख म्हणाले. "शनिवारी, तू गेल्यावर. काम अडता कामा नये."

"मग कुलूप कशाला बसवलं, सर?"

"आवाज खाली."

आवाज मी खाली केला नाही. त्या ओळी काढून टाकल्या, प्रोग्रॅम फ्लॉपीवर घेतला आणि साडेअकराची धुळ्याची एस.टी. पकडली. कारण दुसरा प्रश्न शिल्लक होता: तपासणी फसलीच का?

डेपोत पोचल्यावर उत्तर मिळायला एक मिनिटही लागले नाही. तिथल्या सर्व संगणकांवर तारीख होती ३१ जुलै.

"अहो मॅडम, आमचा जुलै अजून संपायचाय," व्यवस्थापक चहा ओतत म्हणाले. "महिन्याच्या विक्रीचं उद्दिष्ट पुरं होईपर्यंत तारीख मागेच ठेवतो. पाच-सहा तारखेला सोडतो पुढे. दर महिन्याची पद्धत आहे."

माझे प्रमाणपत्र १ ऑगस्टपासून वैध होते. या डेपोच्या लेखी ते अजून जन्माला यायचे होते. म्हणून तपासणी फसत होती, आणि त्या चार ओळी प्रत्येक पासवर्ड निमूटपणे उघड्यावर नेऊन सोडत होत्या. कोणालाही काही चुकीचे दिसत नव्हते, कारण काम अडत नव्हते.

मी नवा प्रोग्रॅम बसवला. डेपो जागच्या जागी थांबला.

"चालू करा!"

"तारीख खरी करा, चालू होईल."

त्यांनी जळगावला तीन फोन केले. मी खुर्चीवरून उठले नाही. चार वाजता त्यांनी तारीख बदलली.

गुरुवारी चौकशीच्या खोलीत अक्का पदर घट्ट धरून बसल्या होत्या. "मी कोणलेच सांगेल नही," एवढेच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. व्यवस्थापकांनी मान हलवली. "सांगितल्याशिवाय पासवर्ड बाहेर कसा जाईल?"

मी सोमवारचा छापील कागद त्यांच्यापुढे ठेवला. "हा तुमच्या स्कूटरचा नंबर ना? तुमचा पासवर्डही हाच आहे."

त्यांनी कागद उलटा केला. "तुम्ही माझा पासवर्ड चोरला?"

"तो लाइनवर उघडा चालला होता. परवानगीने लाइन तपासताना मला दिसला. जूनमध्ये तर प्रत्येकाचा असाच दिसत होता."

अक्कांनी पहिल्यांदाच मान वर केली. "भाऊ, मंग तुम्ही बी कोणले सांगं व्हतं का?"

खोलीत कोणी हसले नाही. मला मात्र हसू आवरावे लागले, आणि त्याच क्षणी संतापही.

निकालात लिहिले होते: पुराव्याअभावी आरोप मागे. निर्दोष हा शब्द नव्हता. क्षमा हा शब्द मी शोधलाही नाही. जूनमध्ये अक्कांच्या नावाने आत कोण शिरले, हे कोणी शोधलेच नाही. चार ओळी घालणाऱ्यांना कोणी काही विचारले नाही. तारीख मागे ठेवणाऱ्यांनाही नाही. मला मात्र 'वरिष्ठांशी उद्धट वर्तन' असे पत्र मिळाले. ते मी सही करून घेतले.

सोमवारी, १० ऑगस्टला, अक्का कामावर आल्या. सव्वादहाला जळगावात माझ्या पडद्यावर त्यांची जोडणी आली: प्रमाणपत्र वैध, वाट सांकेतिक, पासवर्ड अदृश्य. लगेच फोनही आला. "बेटा, आते तरी कोणले दिसत नही ना?"

"नाही अक्का. मलाही नाही."

वहीत त्या कामाचे आकडे तोवर यंत्राचेच होते: फसलेल्या तपासण्या, उघडे गेलेले पासवर्ड, जोडणीला लागलेले सेकंद. त्यांच्याखाली मी आणखी एक आकडा लिहिला. अठरा जूनपासून त्या सकाळपर्यंत, दुसऱ्यांच्या निष्काळजीपणापायी एका बाईला घरी बसवलेले दिवस: ५३.