ॲडव्हाइसचा तास

"एक ठेवायचं, एक करायचं," असं म्हणत मास्तर डाव्या हातातला खडू टेबलावर ठेवत आणि उजव्या हातातल्या खडूनं फळ्यावर लिहू लागत. ठेवला तो ॲडव्हाइस, म्हणजे नाम. चालू लागला तो ॲडव्हाइज, म्हणजे क्रियापद. उस्मानाबादच्या शाळेत मीही शिकवत होतो; माझ्या शेजारच्या वर्गावर ते इंग्रजी शिकवत. तुमच्यापैकी कुणी तेव्हा तिथं शिकलं असेल, तर ते खडू आठवतील.

निजामाच्या राज्यात इंग्रजी समजावायचं ते उर्दूतूनच, असा शाळेचा हुकूम होता. खेड्यातल्या पोरांना ना ही भाषा येई, ना ती. मग मास्तर दार लोटून घेत आणि मराठीत बोलत.

"सल्ला खिशात घालून घरी नेता येतो का रे? समजा, येतो. पण सल्ला देणं? ते न्हाय नेता येत. त्याला तोंड उघडावं लागतं."

तपासणीला इन्स्पेक्टरसाहेब मास्तरांच्या वर्गावर आले. त्यांनी नेमका याच दोन शब्दांतला फरक विचारला. जळकोटचा एक मुलगा उभा राहिला.

"एक सल्ला हाय, एक सल्ला देणं. आई ॲडव्हाइज करती, बा तिचा ॲडव्हाइस ऐकत न्हाय."

साहेब हसले. मग सोबतच्या मुख्याध्यापकांचा चेहरा पाहून गंभीर झाले. मी दारात उभा होतो. मला म्हणाले, "ये मराठी में तो घरपे सीखा होंगा. क्यों मास्टर?"

मास्तरांना वाचवायला साहेबांनीच वाट करून दिली होती. मी नुसतं 'जी' म्हणायचं होतं. पण मी हंगामी होतो, आणि मास्तरांची जागा कायमची होती.

"नहीं साहब," मी म्हणालो. "यहां रोज ऐसाच पढ़ाते."

आठवड्याभरात मास्तरांना काढलं. पुढं गावात बोललं जाई, की मास्तर रझाकारांच्या भीतीनं पळाले. मीही मान डोलावत आलो. ते पळाले नव्हते. त्यांच्या जागेवर मी म्हातारा झालो, एवढं आता लिहून ठेवतो.

जाताना त्यांनी हजेरीपट माझ्या हातात दिला. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

"जळकोटच्या त्या पोराला पुढं बसवा मास्तर," इतकंच म्हणाले. "त्याला फळा लांबून दिसत न्हाय."

एक दिवस त्याला पुढं बसवलं, दुसऱ्या दिवशी मी त्याला शेवटच्या बाकावर बसवलं. पुढं बसून तो माझ्याकडं बघत होता.