मुरुडच्या बैठकीतली रेखा

रविवार, ९ मार्च. लातूरजवळचं मुरुड, रेखाच्या सासरी बैठक. हजर: तिचे सासू-सासरे, नवरा गणेश, गणेशचे मामा; आमच्याकडून माझे यजमान आणि मी. शिवाय रेखा, माझी धाकटी नणंद. जिच्याबद्दल बोलायचं तिला आत चहाला लावायचं, ही बैठकीची रीत. रेखा बाहेर येऊन मामांच्या समोरच बसली.

रेखा शिवणकाम करते. गिऱ्हाईक जास्त बोलू लागलं की तोंडातल्या टाचण्या काढून म्हणते, "मापात बोला." लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नव्हतं. पाळी महिनोन्‌महिने येत नव्हती आणि छातीतून दूध येत होतं. तिनं ते विश्वासानं सासूला सांगितलं. सासूनं भावाला सांगितलं. मामांचं गावात मेडिकल, त्यामुळे त्या घरात तेच डॉक्टर.

"लेकरू न्हाई अन् दूध येऊन राहिलं," मामा सगळ्यांदेखत म्हणाले. "लग्नाआधीच कुठं तरी बाळंत झाली असंल. घेऊन जावा हिला."

गणेश जमिनीकडे बघत बसला. हातातला चहा मामांच्या तोंडावर फेकावा असं मला वाटलं. रेखाचा आवाज चढला नाही.

"मामा, मापात बोला. मी तपासून घेते. मग ह्याच माणसांसमोर हा शब्द माघारी घ्यायचा."

मी तिला लातूरला नेलं. रक्तात प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, वाढलेलं निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मूल झालं नसलं तरी दूध येऊ शकतं. थायरॉइड मंदावलं, मेंदूच्या बुडाशी ग्रंथी असते तिथं गाठ आली, किंवा काही औषधांनीसुद्धा. रोज काय घेता?"

रेखानं पर्समधून ॲसिडिटीच्या कॅप्सूल काढल्या. त्यात उलटी थांबवणारं औषध मिसळलेलं होतं. तेच प्रोलॅक्टिन वाढवतं.

"कोणी दिल्या?"

"मामांनी. लग्न झाल्यापासून घेते. घरचंच मेडिकल हाय ना."

बाहेर आल्यावर तिला हसू आवरेना. "वहिनी, म्हंजे माझं बाळंतपण मामाच्याच दुकानात झालं की!" मला हसू आलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी कॅप्सूल बंद केल्या. दूध थांबलं, पाळी सुरू झाली, रिपोर्ट नॉर्मल आला. तो मी मामांच्या काउंटरवर नेऊन ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला. "असं होय? बरं झालं. पाठवा मग तिला." एवढंच!

गणेश तिला न्यायला नांदेडला आमच्या घरी आला. रेखानं त्याला जेवू घातलं आणि म्हणाली, "आधी बैठक बोलवा." सासूनं फोनवर सांगितलं, "मोठी माणसं हायती, सोडून द्या." एका बाईची अब्रू काढायला सगळी माणसं एका दिवसात जमतात, चुकलं म्हणायला कुणालाच वेळ नसतो.

सध्या रेखाचं मशीन नांदेडला आमच्या पुढच्या खोलीत आहे. मी दर रविवारी मुरुडला फोन लावते. बैठकीचा दिवस मामांनी अजून दिलेला नाही.