सरहद्दीच्या रस्त्यावरचं झाड

ती घटना विसरायला माझी हरकत नव्हती, पण ती विसरली जात नाही. बायको गेल्यापासून तर रोजच आठवते. मी सिंगापूर पोलिसांत शिपाई म्हणून लागलो आणि स्टाफ सार्जंट होऊन घरी बसलो. शाळा सहावीपर्यंत. मराठी आईकडून ऐकलेली, लिहायला बायकोने शिकवली. तेव्हा काही चुकलं तर ते माझं समजा. नावं कुणाचीच देणार नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. उत्तरेला मलेशियाच्या पुलाकडे जाणारा आमच्या हद्दीतला रस्ता रुंद करायचं काम निघालं होतं. पूर्वी तो साधा, दोन गाड्या जेमतेम जातील एवढा. दोन्ही अंगांना भाजीचे मळे आणि कडेला छत्रीसारखी पसरलेली रेन ट्रीची झाडं. मळे सरकारने केव्हाच घेतले होते, मळेवाले फ्लॅटमध्ये गेले होते. सरहद्दीकडची वाहनं मात्र वाढतच होती. शुक्रवारी संध्याकाळी लॉऱ्या, बसगाड्या, मोटारसायकली पुलापासून पार मागेपर्यंत तुंबायच्या. रस्ता मोठा व्हायलाच हवा होता, त्यात वाद नाही. एका अंगाची झाडं जाणार होती.

एके सकाळी कंत्राटदाराच्या मॅनेजरचा स्टेशनला फोन आला. झाड कापताना मशीनची करवत खोडातल्या खिळ्यावर बसली, साखळी तुटली आणि कामगाराच्या तोंडावर आली. तमिळनाडूचा माणूस, तिशीतला. डावा डोळा गेला. मी जागेवर पोचलो तेव्हा मॅनेजर ओरडतच होता.

"घातपात आहे हा, सार्जंट! झाडं वाचवायला निघालेत ना ते लोक, त्यांचंच काम. मुद्दाम खिळे मारून ठेवलेत."

"जखमी कुठल्या हॉस्पिटलात आहे?" मी विचारलं.

त्याला ते ठाऊक नव्हतं.

नोकरीत एक गोष्ट मी शिकलो होतो. जखमी माणूस कुठे आहे हे ज्याला माहीत नसतं आणि गुन्हेगार कोण हे मात्र पाठ असतं, त्याच्याकडे पुन्हा एकदा जावं. ते मी मनात ठेवलं आणि पंचनामा केला. खोडाचा तो तुकडा मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतला. तो एवढा मोठा, की स्टेशनमधला मुद्देमालवाला माझ्यावर खेकसला, "सार्जंट, हे कुठल्या कपाटात ठेवू? पुढच्या वेळी अख्खा रस्ताच उचलून आणा!" शेवटी तुकडा मागच्या अंगणात ताडपत्रीखाली ठेवला.

खबर मिळाली ती जवळच्या कॉफीच्या टपरीवर. टपरीवाली चिनी बाई तोंडाची फटकळ. "तुम्ही पोलीस नुसती कॉफी पिता, बघत काहीच नाही ला. एक आपेक येतो बसने. पिशवीत हातोडी असते. त्याच झाडाशी ठोकाठोकी करतो. पूर्वी इथेच मळा होता त्याचा." आपेक म्हणजे म्हातारा चिनी बाबा, आणि वाक्याच्या शेवटी 'ला' ही आमच्या सिंगापूरची सवय.

जुन्या मळेवाल्यांत शोध घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याचं दार सापडलं. ऐंशीच्या आसपासचा, काटक, अंगात बनियन. हातोडी दाराशीच चपलांजवळ पडली होती. लपवायची म्हणून नाही, तिची जागाच ती. "चल," म्हटलं, तर चपला घालून मुकाट निघाला.

आमचे इन्स्पेक्टर साहेब तरुण, युनिव्हर्सिटीत शिकलेले. साहेब चिनी, आपेक चिनी, पण साहेबांना मँडरिन येते आणि आपेकला त्याच्या गावच्या बोलीखेरीज फक्त बाजारातली मलाय, आणि ती साहेबांना येत नाही. तेव्हा दोन चिन्यांच्या मधे दुभाषा कोण, तर मी, रत्नागिरीच्या खलाशाचा मुलगा. साहेबांना हसू आलं, मलाही आलं. आपेकला आलं नाही.

"खिळे तू मारलेस?" मी विचारलं.

"मीच."

"किती?"

"कोण मोजतं?"

"कशासाठी?"

त्याने मान भिंतीकडे वळवली. पुन्हा विचारलं, आवाज चढवून विचारलं. मान वळली नाही. मग मी सांगितलं, तुझ्या खिळ्यामुळे एका माणसाचा डोळा गेला. तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"केवढा आहे तो?"

"तिशीचा. घरी दोन मुली आहेत."

त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले. मळ्यातले हात, नखांत अजून काळं. म्हणाला, "खिळा माझा, डोळा त्याचा. लिही, भाई. आणखी काय विचारतोस?"

साहेबांनी फाइल मिटली. "कबुली मिळाली, सार्जंट. पेपर तयार करा." गंभीर दुखापतीचा चार्ज लागणार होता. त्या वयात म्हातारा आत गेला असता तर जिवंत बाहेर आला नसता. त्याला कोठडीत बसवलं आणि मी ड्यूटी संपवून निघालो, पण मन मानत नव्हतं. पकडलेला माणूस पहिल्यांदा स्वतःचं काय होणार ते विचारतो. ह्याने जखमीचं वय विचारलं होतं.

तोआ पायोहच्या आमच्या फ्लॅटवर आलो. बायको ओट्याशी बांगडे साफ करत होती. कामाच्या गोष्टी घरी बोलायची मला सवय नव्हती, त्या दिवशी बोललो. करवतीच्या कापात दिसणारे खिळे खोडात आत, पार खोल, कसे गेले ते मला कळत नव्हतं. एवढा लांब खिळा कुठल्या दुकानात मिळत नाही.

ती वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "अहो, खिळा आत जात नाही, झाड बाहेर येतं. आमच्याकडे देवगडला परसात फणस होता. त्याला कपड्यांच्या तारेचा खिळा होता. दोन-चार वर्षांत साल वाढून खिळा दिसेनासा व्हायचा, तार खाली यायची. बाबा तिथेच दुसरा मारायचे. माझ्या लग्नापर्यंत त्या फणसाने किती खिळे गिळले असतील, देव जाणे." मग हात धुता धुता म्हणाली, "एवढी वर्षं पोलिसात काढलीत, आणि झाड कधी बघितलं नाहीत."

सकाळी स्टेशनवर पोचलो आणि तो तुकडा उभा चिरून घेतला. आत सगळे खिळे एकाच उंचीवर, एकामागे एक, जसे रांगेत उभे. बाहेरचा बराच नवा. आतले गंजत गेलेले. सगळ्यात आतला तर नुसता काळा डाग, बोट लावलं की भुगा. करवत मोडायची असती तर म्हाताऱ्याने खोडाभोवती सगळीकडे खिळे मारले असते. हे एका जागेचे, आणि वर्षानुवर्षांचे. बाहेरच्या खिळ्याला पत्र्याचा एक तुकडा चिकटला होता. दुधाच्या डब्याचा काठ.

मी तो पत्रा घेऊन कोठडीत गेलो. "आपेक, डबा कशाचा होता?"

पत्रा बघितला आणि त्याचा चेहरा उतरला. मग सांगितलं. बायको रोज पहाटेची भाजी घेऊन बस पकडायला त्या झाडाखाली उभी राहायची. एक दिवस पुलाकडे निघालेली लॉरी कडेला आली. ती झाडाच्या मुळाशीच गेली, टोपली हातात तशीच. मग त्याने तिथे दुधाचा रिकामा डबा ठोकला, उदबत्त्या लावायला. झाड खिळा गिळायचं, डबा पडायचा, तो पुन्हा ठोकायचा. मळा गेला, घर गेलं, तो फ्लॅटमधून बसने येत राहिला. झाड तोडायच्या आदल्या दिवशी कामगारांनी डबा उपटून कचऱ्यात टाकला होता.

"मग काल का नाही बोललास, बाबा?"

"ती मेलेली आहे," तो म्हणाला. "तिच्या आड लपू मी?"

मी बाहेर येऊन तोंड धुतलं आणि सरळ हॉस्पिटल गाठलं. माझी तमिळ मोडकी, पण काम भागलं. जखमीला डब्याची गोष्ट सांगितली. त्याने डोळ्यावरच्या पट्टीवर हात ठेवला. मग म्हणाला, "जुन्या झाडात लोखंड असतंच, सर. म्हणून तर तोंडाला जाळी लावतात. मी मागितली होती. मॅनेजर म्हणाला, येईल, आधी काम उरका." त्याच्या जोडीदारांनी वेगवेगळे जबाब दिले, ते तंतोतंत तेच. मॅनेजरला बोलावलं. आता त्याचा आवाज खाली होता. प्रकरण कामगार खात्याकडे गेलं, कंपनीला दंड झाला. डोळा आला नाही.

साहेब भले माणूस. चार्जचे कागद त्यांनी स्वतः फाडले. आपेक सुटला तो घरी गेला नाही. "मला त्याच्याकडे ने," म्हणाला. वाटेत संत्री घेतली. हॉस्पिटलात दोघांची भाषा एक नाही. म्हातारा खाटेशी बसला, संत्रं सोललं, शिरा काढून एकेक फोड त्याच्या हातात देत राहिला. तो खात राहिला. मी व्हरांड्यात उभा राहिलो, माझं तिथे काही काम नव्हतं.

परतताना रस्त्याच्या कामावरून गेलो. झाडाच्या जागी खडी पडली होती, रोलर फिरत होता. आपेकने अंदाजाने जागा दाखवली. तिथून आता गाड्यांची मधली रांग जाणार होती.

"इथे आता उभं राहता येणार नाही," एवढंच तो बोलला.

केस मिटल्यावर तो तुकडा फेकला जाणार होता. मी साहेबांना म्हटलं, मालकाला द्या. साहेब म्हणाले, "झाड सरकारचं आहे, सार्जंट." मी म्हटलं, "झाड सरकारचं, साहेब. खिळे त्याचे आहेत." त्यांनी पेन काढलं आणि सही केली.

काही महिन्यांनी त्याच्या ब्लॉककडे गेलो होतो, डोकावलो. दाराबाहेर तो ओंडका उभा, नवा दुधाचा डबा लावलेला, उदबत्त्या जळत होत्या. मी म्हटलं, "छान बसवलास." आपेकने डबा हलवून दाखवला, घट्ट होता. म्हणाला, "आता दुसरा खिळा लागायचा नाही, भाई. हे लाकूड मेलं. आता गिळत नाही."

मला तेव्हा वाटलं होतं, म्हातारा हट्टी आहे. एवढी वर्षं बसने जायचं, हातोडी न्यायची, कशाला? मी तपास बरोबर केला, माणूस सोडवला, पण त्याला समजलो होतो असं म्हणणार नाही. आता आपेक नाही. माझी बायकोही नाही. तो रस्ता मोठा झाला, गाड्या भुर्रकन पुलाकडे जातात. मुलगी त्यावरून नेते तेव्हा मी खिडकीबाहेर बघतो, आणि जागा मला सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात मुलीने घर रंगवायला काढलं. स्वयंपाकघराच्या दाराआड एक खिळा आहे, बायकोची बाजाराची पिशवी त्याला असायची. पिशवी मुलीने कधीच ठेवून दिली. रंगारी पक्कड घेऊन आला. "अंकल, हा काढू? भिंत साफ होईल ला."

"राहू दे," मी म्हटलं. "भोवतीनं रंग मार."