क्लचप्लेट

परवा घाटात पुढच्या ट्रकची क्लचप्लेट जळाली आणि त्या करपट वासानं मी थेट नगरला, वडिलांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन पोचले.

बहात्तरच्या आसपासची गोष्ट. श्रीगोंद्याच्या एका बागाईतदाराच्या मुलाशी माझं लग्न ठरलं होतं. "पोरगी दुकानात गल्ल्यावर बसती," असं चारचौघांत म्हणून त्यानंच ते मोडलं. वर्षाच्या आत तोच आमच्या दुकानात आला. त्याच्या लाल, दोन सीटांच्या विलायती गाडीची क्लचप्लेट जळाली होती. पुणं-मुंबई पालथी घालूनही जोड मिळाली नव्हती; कुठं माप चुकायचं, कुठं मधले दाते बसायचे नाहीत.

मी त्याची काळी पडलेली प्लेट घेतली. लष्कराच्या लिलावातल्या भंगारातून एक शोधून काढली आणि त्याच्यासमोरच तिच्यावर ठेवली. दाताला दात जुळला. त्याचा चेहरा फुलला.

"हीच! द्या, बांधून द्या."

"हीच हाय. पन तुमाला न्हाई द्यायची."

तो वडिलांकडे वळला. "काका, तुमी तरी सांगा हिला."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "गल्ल्यावर ती बसती. ती म्हनल ते."

दुसऱ्या दिवशी त्यानं बैल जुंपून, नगरच्या गॅरेजात अडकून पडलेली ती लाल गाडी भर बाजारातून गावाकडं ओढत नेली. मी पायरीवर उभी होते. आपण जास्तच ताणलं की काय, असं तेव्हा वाटत होतं.

आता वाटतं, बैलांनी जरा आणखी सावकाश चालायला हवं होतं.