जुन्या लाइनची वाट

नव्या जलवाहिनीसाठी नगरपालिकेने आमची गल्ली खोदायला घेतली आणि पहिल्याच दिवशी जुना पाइप फुटला. जुन्या लाइनचा नकाशा कचेरीत कुणाला सापडेना. पाइप सांधून परत पाणी सोडलं, त्या सकाळी मी दारात आले, तर दत्तूमामा रस्त्यावर ओणवे झालेले. लोखंडी सळईचं एक टोक जमिनीला आणि दुसरं कानाला लावून ते खालच्या पाण्याचा आवाज ऐकत होते. मामांनी जन्मभर आमच्या भागाचं पाणी सोडलं. आता ते निवृत्त आहेत. शेजारी टॅब घेऊन नवी इंजिनिअर मुलगी उभी होती.

"इथून लाइन डावीकडं वळलीय. पुढं चिंचेला वळसा आहे."

"चिंच कुठंय, मामा?"

"ती तोडली. वळसा राहिलाय."

तिने टॅबवरची रेघ वळवली.

नळ कोरडा गेला की मी पालिकेच्या नावाने बोटं मोडायची. पाणी आलं त्या हजारो सकाळी मात्र कुणीतरी माझ्याआधी उठून व्हॉल्व्ह फिरवला असेल, हे मनातही आलं नाही. गाव नवं करायचं, तर जुनं कुठे पुरलंय हे ठाऊक असलेला माणूस आधी लागतो. आमच्या नशिबाने तो अजून होता.

"उद्याही याल ना? तीन गल्ल्या राहिल्यात," मुलीने विचारलं.

मामा घुटमळले. "आलो असतो. पण उद्या याच वेळेला आमच्याकडं पाणी यायचंय. भरायला घरात कुणी नाही."

मी पायरी उतरून पुढे झाले.

"तुम्ही खुशाल जा, मामा. किल्ली तेवढी ठेवा माझ्याकडे. तुमचं पाणी मी भरते."