साबुदाण्याच्या डब्यातली किल्ली

यूथ कोर्टातल्या न्यायाधीश बाई शांतपणे म्हणाल्या, की हा आरोप कधी ठेवलाच गेला नव्हता असं यापुढे कायदा मानेल. मला हायसं वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. पार्किंगची वेळ संपत आली होती, तेवढं आठवतं.

माझ्या सोळा वर्षांच्या लेकीने दोन मैत्रिणींबरोबर आमच्या लोअर हट गावातल्या एका शेजाऱ्यांची गाडी न विचारता पळवली होती आणि कुंपणात घातली होती. कुणाला लागलं नाही. इथे, या परक्या देशात, अशा वेळी आधी सगळ्या कुटुंबाची बैठक घेतात, ज्यांचं नुकसान झालं त्यांनाही बोलावतात. पुण्याहून आलेली माझी आई त्या बैठकीला चिवड्याचा डबा घेऊन निघाली. "रिकाम्या हाताने कसं जायचं?" शेजाऱ्यांनी तो मांडीवर ठेवून घेतला. एरवी मी शरमेने मेले असते. तेव्हा फक्त झाकण नीट लागलं नाहीये, हे दिसत होतं.

लेकीने माफी मागितली, कुंपण रंगवलं, शनिवारी नदीकाठचं तण उपटलं. ठरलं ते सगळं केलं, म्हणून आरोप पुसला गेला. नाव पेपरात छापायला मनाईच होती. आपल्या मराठी मंडळींत तर कुणाला कानोकान खबर लागली नाही. गणपतीत कुणी विचारलं, "लेक काय म्हणतेय?" तर मी सांगायचे, "हीप्स अभ्यास असतो हो, ढीगभर." तोंड आपोआप हसायचं.

दाराजवळचा खिळा मात्र त्या प्रकारापासून रिकामाच होता. गाडीची किल्ली मी साबुदाण्याच्या डब्यात ठेवत होते. लेकीला साबुदाणा गिळगिळीत वाटतो, ती त्याला हात लावत नाही. नवऱ्याला हवी तेव्हा मी काढून द्यायची. आईला एकदा खिचडी करताना ती सापडली. तिने साबुदाणा भिजत घातला आणि किल्ली परत डब्यात टाकली. कोर्टाचा निकाल लागल्यावरही मी जागा बदलली नाही. लेकीने गाडी शिकव म्हणून कधी म्हटलं नाही. "बस इज स्वीट ॲज," म्हणायची, म्हणजे बसच झकास.

आई पुण्याला परत निघाली त्या सकाळी नवरा बॅगा घेऊन बाहेर उभा होता. "किल्ली!" तो ओरडला. मी खाली बसून आईला मोजे चढवत होते. तेवढ्यात लेक स्वयंपाकघरात गेली. तिने मागच्या रांगेतला डबा काढला, आत हात घातला, किल्ली टी-शर्टला पुसली आणि माझ्यापुढे धरली.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"सिन्स द फर्स्ट वीक, आई."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. कोर्टाने पुसलं ते मी साबुदाण्यात जपून ठेवलं होतं, आणि इतके महिने ही पोर त्याच्याच शेजारचा पोह्यांचा डबा काढत होती.

मी किल्ली घेतली नाही. "बाबांना तूच नेऊन दे," म्हटलं. ती गेली आणि मला रडू फुटलं, सगळ्या प्रकरणात पहिल्यांदाच.

आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, "दुसरा मोजा घाल आता."