तिसरा पुकारा

माझे बाबा न्यायालयात शिपाई होते. खटल्याची वेळ झाली की व्हरांड्यात उभं राहून तीनदा नाव पुकारायचं, हे त्यांचं काम. आवाज असा, की घरात साधं मीठ मागितलं तरी शेजारीण दचकायची. आई म्हणायची, "अहो, हळू! आम्ही काही आरोपी नाही." मला त्या आवाजाची लाज वाटायची, खोटं कशाला बोलू?

आणीबाणी लागली आणि सगळं शहर कुजबुजायला लागलं. माझा नवरा छापखान्यात होता. सरकारवर टीका करणारं पत्रक छापलं म्हणून त्याला उचलून नेलं. ठाण्यात विचारलं तर म्हणे, "असा कुणी इथं नाही." माझी पाचावर धारण बसली. बाबा म्हणाले, "धरलेला माणूस न्यायाधीशांपुढे आणावा लागतो, पोरी. आणीबाणीत सरकारनं तो हक्क गोठवलाय, पण काही न्यायाधीश असे अर्ज अजून ऐकतायत. अर्ज कर."

सुनावणीला सरकारी वकिलांनी साफ कानावर हात ठेवले. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "रीतीप्रमाणे पुकारा तर होऊ द्या."

जावयाला बाबांनी कधी नावानं हाक मारलेली नव्हती. पहिल्या दोन वेळा नाव कसंबसं निघालं, तेही चक्क हळू. मी चिडलेच. जन्मभर आमचे कान किटवले आणि आज दातखीळ? तिसऱ्या वेळी बाबा कठड्याशी गेले, छाती भरून श्वास घेतला आणि सवयीनं तोंडून निघालं, "जावईबापू, हजर आहात काऽऽ?"

लोक हसले. तेवढ्यात खाली आवारात उभ्या असलेल्या पोलिसांच्या बंद गाडीचा पत्रा कुणीतरी बडवला. "आहे, मामा! इथं आहे!" सासऱ्यांना तो मामाच म्हणे. न्यायाधीशबाईंनी फारच ताणलं तर वर आणायचं, नाहीतर गुपचूप दुसरीकडे हलवायचं, असा पोलिसांचा बेत होता, हे मागाहून कळलं.

सरकारी वकील उठले. "अर्जात हे नाव नाही."

"ओ कुणी दिली ते ऐकलंत ना?" बाई म्हणाल्या. "आणा त्याला वर."

तो जिना चढून आला. दाढी वाढलेली, एकाच पायात चप्पल. बाबा कामावर होते, जागा सोडता येत नव्हती. त्यांनी फक्त दार धरलं. "आत चला. बाई वाट बघतायत."

दार लागलं तसा बाबांनी माझा हात घट्ट धरला आणि त्यांचा हुंदका असा फुटला, की सगळा व्हरांडा वळून बघायला लागला. बघू देत.